नेत्रविकार आणि अंतःस्रावी ग्रंथी : शिबिरातील तिसऱ्या रांगेविषयी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्मादाय संस्था आणि नेत्रशिबिर यांचे नाते या भागाला नवे नाही. कर्नाटकातील डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांनी गावोगावी फिरती शिबिरे घेऊन हजारो गोरगरिबांना दृष्टी दिली. १९७६ मध्ये केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. लातूर जिल्ह्यातील माकेगावसारख्या खेड्यातून पुढे आलेले डॉ. तात्याराव लहाने यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नेत्रसेवेबद्दल २००८ मध्ये पद्मश्री देण्यात आली. या सर्व प्रयत्नांमुळे मोतीबिंदू म्हणजे कायमचे अंधत्व, ही समजूत आज मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतूनही नाहीशी झाली आहे. ही फार मोठी गोष्ट आहे.

परंतु कोणत्याही शिबिराचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. तपासणीनंतर लोकांच्या दोन रांगा होतात. एक शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांची, दुसरी चष्मा मिळणाऱ्यांची. या दोन रांगांच्या बाहेर मोजकी माणसे उरतात. त्यांना मोतीबिंदू नसतो, चष्म्याचा कोणताही नंबर त्यांना बसत नाही, आणि तरीही त्यांना नीट दिसत नाही. शिबिराच्या अहवालात त्यांची नोंद होत नाही. ‘डोळ्यात काही दोष नाही’ असे ऐकून ती माणसे घरी परततात. आजचे विवेचन या तिसऱ्या, न लागलेल्या रांगेविषयी आहे. कारण त्यातील काहींचा दोष डोळ्यात नसून शरीरातील एखाद्या ग्रंथीत दडलेला असतो, आणि तो वेळीच ओळखला गेला तर दृष्टीच नव्हे, प्राणही वाचू शकतो.

शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्यांचा स्राव नलिकेतून न वाहता थेट रक्तात मिसळतो. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांच्या स्रावांना संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, म्हणतात. गळ्यातील थायरॉइड, तिच्या पाठीशी चिकटलेल्या चार लहान पॅराथायरॉइड, मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल, पोटातील स्वादुपिंड आणि मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी या त्यांपैकी प्रमुख होत. पिट्यूटरी ही या पेढीची मुनीम समजावी. गळ्याच्या ग्रंथीतून माल कमी येऊ लागला की मुनीम मागणीची चिठ्ठी मोठी करतो. माल जास्त झाला की चिठ्ठी आखडती घेतो. ज्याला लोक ‘टीएसएच’ची तपासणी म्हणतात, ती या चिठ्ठीचीच मोजणी असते. हा दृष्टान्त पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

प्रथम सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. एखाद्याच्या चष्म्याचा नंबर दोन-तीन महिन्यांत दोनदा बदलतो. तो दुकानदाराला दोष देतो, काचा बदलून घेतो. वास्तविक रक्तातील साखर वरखाली झाली की डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो आणि नंबरही बदलतो. कित्येकांचा मधुमेह अशा रीतीने प्रथम चष्म्याच्या दुकानात प्रकट होतो. डोळा हा शरीराचा असा एकमेव भाग आहे की जेथे कोठेही छेद न घेता रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू प्रत्यक्ष पाहता येतात. म्हणून निष्णात नेत्रतज्ज्ञ डोळा पाहताना संपूर्ण शरीराचे दर्शन घेत असतो.

आता थोड्या विरळ व्याधींकडे वळू. १८३५ मध्ये डब्लिन येथील डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज आणि १८४० मध्ये जर्मनीतील डॉ. कार्ल फॉन बासेडो यांनी एका आजाराचे वर्णन केले. गळ्याला गाठ, छातीत धडधड आणि पुढे आलेले डोळे, अशी त्याची तीन लक्षणे. शरीराचीच संरक्षक शक्ती थायरॉइडवर उलटते आणि ती ग्रंथी अतिरेकी काम करू लागते. पुस्तकात तिन्ही लक्षणे एकत्र असतात. प्रत्यक्षात तसे घडेलच असे नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या घरातील उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८९ मध्ये त्यांच्या पत्नी बार्बरा बुश यांना हा आजार असल्याचे निष्पन्न झाले. त्यांचा त्रास मुख्यतः डोळ्यांचा होता. दोन वर्षांनी, मे १९९१ मध्ये, धावण्याचा व्यायाम करीत असताना स्वतः राष्ट्राध्यक्षांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. तपासाअंती त्यांनाही तोच आजार निघाला. हा आजार संसर्गजन्य नाही, म्हणून पतिपत्नी दोघांनाही तो झाल्याचे सर्वांना नवल वाटले. त्यांच्या निवासस्थानांतील पाण्याचीही तपासणी झाली, पण त्यातून कारण सापडले नाही. सांगण्याचे तात्पर्य असे की एकाच घरात, एकच आजार, पत्नीच्या डोळ्यांतून आणि पतीच्या हृदयातून बोलला.

हा आजार सामान्य माणसाच्या बाबतीत तर अधिकच वेषांतर करतो. डोळे लाल होतात, पाणी येते आणि महिनोन्महिने अॅलर्जीचे थेंब घातले जातात. काहींचा एकच डोळा पुढे येतो. काहींना सकाळी उठल्यावर एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतात. डोळ्यांची लक्षणे कधी थायरॉइडच्या बिघाडाआधी, तर कधी कित्येक वर्षांनी दिसतात. म्हणून रक्ताचा अहवाल आज बरोबर आला तरी शंका सोडून चालत नाही. वयोवृद्धांमध्ये ना गाठ, ना थरथर; केवळ वजन घटत जाते, मन उदास राहते आणि नाडी अनियमित चालते. घरचे लोक म्हणतात, ‘वय झाले.’ तंबाखूचा धूर या नेत्रविकाराला अधिक उग्र करतो, हे मात्र निर्विवाद सिद्ध झाले आहे. पुढे आलेला डोळा, दुहेरी दिसणे आणि त्यासोबत रंग फिके दिसू लागणे ही धोक्याची घंटा होय. डोळ्याच्या नसेवर दाब आल्याचे ते चिन्ह असते आणि त्या वेळी दिवस मोजून चालत नाही.

दुसरी व्याधी पिट्यूटरीची. या ग्रंथीच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा फुलीसारख्या एकमेकींना भेटतात. ग्रंथीवर गाठ वाढली की ती या फुलीला खालून रेटते. परिणामी समोरचे दिसते, परंतु दोन्ही बाजूंचे हळूहळू नाहीसे होते. असा मनुष्य भिंतीवरील तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवितो आणि उत्तीर्ण होतो! पण तोच माणूस दारातून जाताना चौकटीला खांदा घासतो, बाजूने येणारी मोटारसायकल त्याला दिसत नाही, ताटाशेजारचा पेला त्याच्या हाताने लवंडतो. लोक त्याला वेंधळा म्हणतात. हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. समोरासमोर हातभर अंतरावर बसावे, एकेक डोळा झाकावा, एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहत राहावे आणि बाजूने बोटे आत आणीत ‘केव्हा दिसली’ असे विचारावे. दोन मिनिटांच्या या तपासणीला एक पैसाही खर्च येत नाही. तिच्यावरून खात्रीचे निदान होत नाही. परंतु कोणाला पुढे पाठवावे, हे कळते.

या गाठींपैकी काही वाढीचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात. १८८६ मध्ये फ्रान्सच्या डॉ. पियर मारी यांनी या विकाराला अॅक्रोमेगाली असे नाव दिले. प्रसिद्ध मल्ल ‘द ग्रेट खली’ म्हणजेच दलीपसिंह राणा यांच्यावर २०१२ मध्ये पिट्यूटरीच्या गाठीसाठीच शस्त्रक्रिया झाली. त्यांची उंची सर्वांच्या नजरेत भरते. परंतु हाच विकार वाढीचे वय संपल्यावर जडला तर उंची वाढत नाही. बोटे जाड होतात, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, चपलेचा नंबर वाढतो. हे इतक्या संथ गतीने घडते की रोज पाहणाऱ्या घरच्यांना काही जाणवत नाही आणि निदानाला पाच ते दहा वर्षे लागतात. अशा वेळी लग्नातला अल्बम कोणत्याही यंत्राइतका उपयोगी पडतो. बोटात रुतून बसलेली अंगठी हीदेखील साक्षीदारच असते.

दुसऱ्या प्रकारच्या गाठी दूध उत्पन्न करणारे संप्रेरक, प्रोलॅक्टिन, सोडतात. स्त्रीची मासिक पाळी थांबते, बाळ नसताना दूध येते, मूल होत नाही आणि डोके दुखते. येथे एक सामाजिक अडचण आहे. पाळीची तक्रार ती स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगते, डोकेदुखीची गावातील डॉक्टरांना आणि नजरेची नेत्रतज्ज्ञाला. संकोचामुळे ती नेत्रतज्ज्ञाकडे पाळीचा विषय काढत नाही, आणि त्यांच्याही प्रश्नांत तो येतोच असे नाही. तीन ठिकाणी तीन तुकडे राहतात. वस्तुतः या प्रकारच्या बहुतेक गाठी गोळ्यांनीच आकसतात, शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही, आणि झाकोळलेली दृष्टी पुष्कळदा परत येते. मात्र हे संप्रेरक वाढलेले आढळले म्हणून लगेच गाठ आहे असेही मानू नये. पित्तावर व उलटीवर घेतल्या जाणाऱ्या काही नेहमीच्या गोळ्यांनी आणि थायरॉइडच्या कमतरतेनेही ते वाढते. म्हणून घेत असलेल्या औषधांची संपूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवणे अत्यावश्यक आहे.

तिसरी व्याधी अशी की ती शिबिरातील पहिल्याच रांगेत लपलेली असते. मोतीबिंदू साधारणपणे उतारवयाचा. पंचविशी-तिशीतल्या माणसाला दोन्ही डोळ्यांत तो आढळला, तर ‘का?’ असा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या माणसाला हातापायांना मुंग्या येतात काय, बोटे आखडतात काय, झटके येतात काय, पूर्वी गळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय? उत्तर होकारार्थी आले तर रक्तातील कॅल्शियम तपासावे. पॅराथायरॉइड ग्रंथी क्षीण झाल्या की कॅल्शियम घटते, आणि त्यातून झटके व मोतीबिंदू दोन्ही उद्भवतात. असा रुग्ण वर्षानुवर्षे फिट्सच्या गोळ्या खात राहतो आणि झटके थांबत नाहीत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे योग्य औषध सुरू झाल्यावर त्याचे आयुष्यच बदलते. नुसता मोतीबिंदू काढून अशा रुग्णास घरी धाडणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून ओली फरशी पुसण्यासारखे होय.

चौथी गोष्ट दुर्मिळ नव्हे. दुर्मिळाचा वेष घेऊन आलेली आहे. अमेरिकेतील शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या आजारात अॅड्रिनलचे स्टेरॉइड संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढते. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते, हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, रक्तदाब व साखर वाढते. शरीरातच उद्भवणारा असा आजार फार विरळा. परंतु गुडघेदुखीवर वा दम्यावर मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि तेच रूप बाहेरून ओढवून घेतले जाते. त्यातून मोतीबिंदू होतो, डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठते आणि डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. मुलांच्या डोळ्यांना उन्हाळ्यात खाज येते म्हणून एकदा लिहून दिलेले स्टेरॉइडचे थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर वर्षभर आणले जातात. थेंबांनी आराम पडतो, म्हणून कोणी शंका घेत नाही. आत मात्र नस वाळत जाते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळते, काचबिंदूने गेलेली कधीही मिळत नाही. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड घाबरून एकाएकी बंद करणेही जीवघेणे ठरू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्रमाक्रमानेच थांबवावे लागते.

पाचवे उदाहरण खरोखरीच विरळ आहे. १९०४ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ डॉ. ऑयगेन फॉन हिप्पेल यांनी डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांच्या विशिष्ट गाठींचे वर्णन केले. १९२६ मध्ये स्वीडनच्या डॉ. आर्विड लिंडाऊ यांनी त्यांचा मेंदूतील तशाच गाठींशी संबंध दाखविला. पुढे असे आढळले की याच रुग्णांपैकी काहींच्या अॅड्रिनल ग्रंथीतही गाठ होते, आणि तरुण वयात रक्तदाब अकस्मात भडकतो, घाम फुटतो, छाती धडधडते. हा दोष आनुवंशिक असून आई किंवा वडिलांपैकी एकास असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे एका डोळ्यातील गाठ ओळखली गेली, तर भावंडांची आणि मुलांची तपासणी होऊन संपूर्ण कुटुंब सावध होऊ शकते.

आता पुन्हा त्या मुनीमाकडे येऊ. थायरॉइडच्या तपासणीत केवळ टीएसएच पाहण्याची रीत आहे आणि बहुतेक वेळा ती पुरेशीही असते. परंतु चिठ्ठी लिहिणारा मुनीमच आजारी असेल तर? माल संपला असूनही चिठ्ठी नेहमीसारखीच दिसेल, आणि पेढी ठीक चालली आहे असा भास होईल. पिट्यूटरीच्या विकारात असेच घडते. तेथे टीएसएचबरोबर थायरॉइडचे प्रत्यक्ष संप्रेरकही मोजावे लागते. शिवाय अशा रुग्णात अॅड्रिनलचे संप्रेरकही कमी असू शकते. ते आधी न देता थायरॉइडची गोळी सुरू केल्यास प्रकृती गंभीर होते. दुसरा सापळा म्हणजे केसांच्या वाढीसाठी घेतले जाणारे बायोटिन. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत ते रक्तात असताना थायरॉइड वाढल्याचा खोटा अहवाल येतो. कागदावरील आकडा आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसत नसेल, तर आकडा पुन्हा तपासावा. जमाखर्चात तेरीज जुळली नाही तर कोणी चोपडी बंद करीत नाही. मग शरीराच्या हिशेबात तरी का करावी?

तपश्चर्येची परंपरा असलेल्या समाजाने आणखी एक बाब जाणून घेतली पाहिजे. १८५५ मध्ये लंडनच्या डॉ. थॉमस अॅडिसन यांनी अॅड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचा आजार सांगितला. क्षयरोग हे त्याचे भारतातील एक महत्त्वाचे कारण आहे. त्वचा, हिरड्या आणि तळहातावरील रेषा काळवंडतात, अशक्तपणा येतो, उभे राहताच भोवळ येते, मीठ खावेसे वाटते. असा आजार असणाऱ्याने, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याने आणि इन्सुलिनवर असणाऱ्या मधुमेहीने चौविहार उपवास किंवा अठाई करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा आणि गुरुमहाराजांनाही प्रकृतीची खरी कल्पना द्यावी. औषध चुकवून केलेला उपवास अशा व्यक्तीच्या जिवावर बेततो. तपाचे मार्ग अनेक आहेत. शक्तीनुसार ते निवडण्यात कमीपणा नाही.

श्रोतेहो, या सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते. दुर्मिळ आजार सुटतो तो बहुधा यंत्र नसल्यामुळे नव्हे. तुकडे एकत्र न आल्यामुळे. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या बाजूने जे पाहतो ते खरे असते, पण ते अपुरे असते. अनेकांत शिकलेल्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. सर्व तुकडे ज्याच्या हाती असतात तो रुग्ण आणि त्याचे घर. म्हणून प्रत्येक घरात प्रत्येक व्यक्तीची एकच फाईल असावी. डॉक्टरांकडे जाताना ती फाईल, सर्व औषधांची पिशवी आणि पाच-दहा वर्षांपूर्वीचे एक छायाचित्र सोबत न्यावे. एका अवयवाच्या डॉक्टरांना दुसऱ्या अवयवाची तक्रारही मोकळेपणाने सांगावी.

आणि न्यासाने? सुवर्णमहोत्सवी वर्षात पुढील शिबिरांत ही तिसरी रांग जाणीवपूर्वक लावावी. ज्यांच्या नजरेचे कारण कळले नाही, अशांची बोटांची तपासणी करावी, डोळ्यातील दाब मोजावा, साखर आणि रक्तदाब पाहावा. चाळिशीच्या आत मोतीबिंदू असणाऱ्यांचे कॅल्शियम तपासावे आणि पुड्यांची व थेंबांची चौकशी करावी. भगिनींशी बोलण्यासाठी श्राविका मंडळातील एखादी प्रशिक्षित कार्यकर्ती तेथे बसावी. ज्यांना पुढे पाठवायचे त्यांना सविस्तर लेखी चिठ्ठी द्यावी आणि ते प्रत्यक्ष तपासून येईपर्यंत एका कार्यकर्त्याने त्यांचा पाठपुरावा करावा. हदगावच्या माणसाला नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. हैदराबादचे सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय आणि १९८७ मध्ये सुरू झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था या भागातील लोकांना अपरिचित नाहीत. ग्रंथींच्या गुंतागुंतीच्या विकारांसाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे. वाट आहे, वाटेला लावणारा पाहिजे. निधीतील लहानसा वाटा अशा रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवला, तर तो सत्कारणी लागेल.

या रांगेत शंभरातून दोन-चारच माणसे उभी राहतील. त्यांतील एखाद्याचाच आजार ग्रंथींचा निघेल. अहवालात हा आकडा फार शोभून दिसणार नाही. परंतु ज्या घरातील तो एक असेल, त्या घराला त्या आकड्याचे मोल विचारावे.

जय जिनेंद्र.